शंभर चालू आहेत

भाईंची बोटं कायम गुलाबी असायची. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, पार नखांच्या मुळापर्यंत. नवखा माणूस विचारायचा, "काय भाई, रंगपंचमी केलास काय?" भाई बोटं त्याच्या नाकासमोर धरून सांगायचे, "पस्तीस वर्सां शिमगोच चल्लोहा."

तो रंग आमच्या प्रयोगशाळेतला. क्षयरोगाचा जंतू मेणचट कातडीचा असतो, साध्या रंगाला दाद देत नाही. काचेवर वाळवलेल्या बेडक्यावर लालभडक रंग ओतायचा, खालून आच द्यायची, वाफ दिसली की थांबायचं. मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग निघून जातो, ह्या एकट्याचा जात नाही. वरून निळा रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर बारीक लाल काड्या पडल्यासारखा तो दिसतो.

भाई म्हणायचे, "हट्टी आसा म्हणानच गावता. रंग सोडल्यान आसतो तर वाचलो आसतो."

मी वैभववाडीची. समुद्र आमच्यापासून लांब, घाट जवळ. शिक्षण संपल्यावर किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळेत लागले, तेव्हा भाई तिथले जुने तंत्रज्ञ होते. गावाचं नाव लिहीत नाही, आणि भाईंचंही. ते आजही कट्टा बाजाराच्या पुढच्या एका गावात काजूच्या बागेत सुखाने आहेत, आणि स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना खपणार नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला खिडकी, खिडकीबाहेर माड. खिडकीपाशी भाईंचं टेबल. वीज गेली की भाई सूक्ष्मदर्शकाचा दिवा काढून जुना आरसा बसवायचे आणि उन्हावर काम करायचे. दाराला बाहेरून एक पुठ्ठा टांगलेला असायचा. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा, सुतळी ओवलेला. त्यावर निळ्या शाईत भाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शंभर चालू आहेत'.

ह्याचा अर्थ साऱ्या रुग्णालयाला ठाऊक होता. एक काच बघताना भिंगाखालच्या निदान शंभर जागा बघायच्या असतात, तेव्हाच जंतू नाहीत असं लिहिता येतं. मोजणी चालू असताना भाई कुणाशी बोलत नसत. नर्सने विचारलं "भाई खंय?" तर शिपाई सांगायचा, "शंभरात आसत." एकदा जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी पुठ्ठा न वाचताच दार ढकललं. भाईंनी मान न वळवता डावा हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा. साहेब दहा मिनिटं तसेच उभे. मोजणी संपल्यावर भाई उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा हां. मगाशी बोललंय आसतंय तर त्रेसष्टावरसून परत एकार इलंय आसतंय." साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं.

भाई त्या शंभर जागांना 'घरं' म्हणायचे. "शिरगणतीवालो कसो घराघरात जाता? ह्या घरात कोण नाय म्हणान फुडचा घर सोडता काय?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक काच दिली. मी बघितली, काही दिसलं नाही, 'निगेटिव्ह' लिहिलं. भाई मोरीवर काचा धूत होते.

"किती घरां बघलंस?"

"शंभर," मी म्हणाले.

"तुझो हात वीस खेपेक हललो."

ते ओल्या हातांनी आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि एकेक घर मोठ्याने मोजत सरकू लागले. सत्तर झाल्यावर थांबले. "ये. बघ."

एक्काहत्तराव्या घरात दोन लाल काड्या होत्या. एकीला एक टेकलेल्या.

"हेका तू घरी धाडल्लंस," भाई म्हणाले. ओरडले नाहीत. पण त्या 'हेका'मुळे मला पहिल्यांदा वाटलं की काचेवर माणूस असतो.

'निगेटिव्ह' हा शब्द ते रजिस्टरात लिहायचे, कारण लिहावाच लागे. तोंडाने कधी उच्चारायचे नाहीत. रुग्णाला सांगायचे, "माका दिसलो नाय." कुणी म्हटलं, "म्हणजे नाय ना?" की भाई तेच पुन्हा सांगायचे. "दिसलो नाय. खोकलो ऱ्हवलो तर परत ये. नाय म्हणूक मी देव नाय."

त्यांची दुसरी खोड भाषेची. सरकारी कचेरीत शिरला की आमच्याकडचा माणूस आपोआप शुद्ध मराठी बोलू लागतो. भाई साहेबांशीसुद्धा मालवणीत बोलायचे. पण एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मात्र खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, "आपल्या नमुन्यात क्षयरोगाचे जंतू आढळले आहेत. औषधे मोफत मिळतील. आपण पूर्ण बरे व्हाल." मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मालवणीत सांगलंय तर तेंका वाटता मी गजाली मारतंय." ही गोष्ट पंचक्रोशीत इतकी पसरली, की भाईंनी 'आपल्या' एवढं म्हटलं की रुग्णाचे नातेवाईक भिंतीला हात लावून खाली बसायचे.

रुग्णालयाच्या मागे एक फणस आहे. त्याच्याखाली मोकळ्या हवेत भाई खोकण्याचा वर्ग घ्यायचे. बेडका देणं लोकांना सोपं वाटतं, पण दहातले सहा जण डबीत लाळ आणून देतात, आणि लाळेत काही सापडत नाही. भाई डबी उजेडात धरून बघायचे आणि परत द्यायचे. माशांचा धंदा करणारा असेल तर म्हणायचे, "ह्या वरचा पाणी. मासो तळाक आसा. जाळा खाली सोड." शेतकरी बाईला म्हणायचे, "पावण्याक वरचा पाणी देतस? कळशी तळाक लाव." आणि मग स्वतः करून दाखवायचे. दोन्ही हात कमरेवर, एक दीर्घ श्वास, सोडला, दुसरा श्वास, सोडला, आणि तिसऱ्याला गुडघ्यापासून उठणारा असा खोकला की फणसावरचे कावळे उडायचे. रुग्ण आधी हसायचे. हसता हसता त्यांना खरा खोकला यायचा आणि भाईंचं काम व्हायचं.

खिशात दोन-तीन रिकाम्या डब्या घेऊनच ते फिरत. कट्ट्याच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर होते. सुकी, खारवलेली मासळी विकणारी एक बाई ग्राहकाशी भांडता भांडता खोकली. भाई थांबले. मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग बांगड्याचा भाव विचारला, अर्धा किलो घेतला आणि पिशवी पुढे करताना विचारलं, "खोकलो किती दिवस?"

"तुमका कित्याक?"

"रातीचो घाम येता?"

बाईने पदर सावरला. भाईंनी डबी काढून तिच्या काट्यावर ठेवली. "उद्या सकाळी उठलंस काय तोंड धू आणि ह्यात पयलो बेडको काढ. लाळ नको. मी नवाच्या गाडयेक हयसून जातंय, तेव्हा दी."

ती म्हणाली, "बांगडे परत करा." भाईंनी बांगडे परत केले नाहीत, तिने डबी परत केली नाही. दुसऱ्या दिवशी भाई एसटीतून उतरले तेव्हा डबी त्यांच्या हातात होती. त्या बाईला काही निघालं नाही. पण तेव्हापासून भाई बाजारात शिरले की सगळी रांग श्वास रोखून बसायची, असं लोक सांगतात. एका लग्नात तर वधूच्या मामाला ठसका लागला आणि समोर भाई दिसले म्हणून तो उठून थेट विहिरीपर्यंत पळाला होता. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं आहे.

भाई चार दिवस रजेवर होते, काजूचा हंगाम होता. प्रयोगशाळेत मी एकटी. काचा बऱ्याच साठल्या होत्या. भिंगाखाली काच ठेवताना तिच्यावर तेलाचा एक थेंब टाकावा लागतो, आणि त्याचा एक नियम आहे. थेंब वरून पडू द्यायचा, तेलाची काडी काचेला टेकवायची नाही. भाईंनी हे मला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी एका म्हाताऱ्याची काच होती, घराघरात जंतूंची जत्रा. ती बघून झाल्यावर मी पुढची घेतली. त्या काचेवर मला चार काड्या दिसल्या. मी 'पॉझिटिव्ह, अल्प' असं लिहिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

ती काच देवबागच्या एका बाईची होती. वय पंचविशीचं, कडेवर सात महिन्यांचं बाळ. सासरचे लोक दोन खोल्या पर्यटकांना राहायला देत, आणि त्यांचं सगळं रांधप हीच करायची. महिनाभर खोकला होता म्हणून आली होती. त्याच दिवशी तिची औषधं सुरू झाली.

पाचव्या दिवशी भाई आले. हात धुतले आणि मी बघितलेल्या सगळ्या काचा काढून बसले. दारावर पुठ्ठा. दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"ह्या चार काडये बघ. आता चाक हळू फिरव. खालच्या पेशी स्पष्ट दिसतत तेव्हा काडये दिसतत?"

मी चाक फिरवलं. पेशी स्पष्ट झाल्या की काड्या पुसट व्हायच्या. काड्या स्पष्ट झाल्या की पेशी पुसट. त्या बेडक्यात नव्हत्याच. वर तेलात तरंगत होत्या.

"हेच्या आधी कोणाची काच बघलंस?"

मी रजिस्टर न बघताच सांगितलं. त्या म्हाताऱ्याची. भाई उठले. डॉक्टरांकडे जाऊन आले, पिशवीत दोन नव्या डब्या टाकल्या आणि म्हणाले, "चल. देवबागाक जावचा आसा."

"फोन करूया ना, भाई. नंबर आहे."

"चूक फोनार सांगूची नसता. फोन ठेवूक येता."

"पण तुम्ही सांगाल ना?"

"चूक तुझी. तू सांगतलंस. मी बाजूक बसतंय."

मालवणहून देवबागची गाडी पकडली. ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना माहीत आहे, शेवटी शेवटी जमीन इतकी अरुंद होत जाते की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे एक रस्ता आणि माड. मला पळायला कुठे जागाच नव्हती.

घरी सासू अंगणात होती. 'राहण्याची सोय' लिहिलेली पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. आजाराची कुणकुण लागल्यावर मुलाने आलेले पर्यटक परत पाठवले होते. बाळाला तारकर्लीला आत्येकडे नेऊन ठेवलं होतं. आणि ती स्वतः मागच्या खोपीत, जुनी जाळी आणि पर्यटकांची नारिंगी जॅकेटं ठेवलेली असतात तिथे, एका खाटेवर बसली होती.

मी सुरुवात केली, "ताई, आपल्या तपासणीच्या अहवालाबाबत आमच्याकडून..."

भाई हळूच म्हणाले, "शुद्ध बोलू नको. तुझ्या आवशीक सांगशीत तसा सांग."

मग मी सांगितलं. "माझ्या हातसून चूक झाली. दुसऱ्याच्या काचेवरचो जंतू तेलाच्या काडयेक लागान तुझ्या काचेर इलो. तो तुझो नसात. परत तपासूक होया."

सासू उसळली. "नसात म्हणजे काय गो? आसा काय नाय ता सांग! आमच्या घराची वाट लावन आता नसात म्हणतस?"

"परत बघल्याशिवाय सांगणा नाय," भाई म्हणाले. "घायन सांगला तेचाच ह्या झाला."

ती बाई मात्र माझ्याकडेच बघत होती. ओरडली नाही. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग होते. म्हणाली, "चार दिस दूध पिळतंय आणि माडाच्या मुळात वततंय. ता कोण परत देतलो?"

मी भाईंकडे बघितलं, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. भाई म्हणाले, "कोण नाय."

मग त्यांनी विचारलं, "पण दूध वतूक कोणी सांगल्यान?"

कोणीच नाही. घरातल्यांनीच ठरवलं होतं. भाई उठले. सासूसमोर जाऊन उभे राहिले आणि खिशातून फोन काढला. "आजार आसलो तरी आवस पोराक पाजता. तोंडाक फडको बांधून पाजूचा. माझा आयकू नको, डॉक्टराक इचार." त्यांनी फोन लावून तिच्या हातात दिला. डॉक्टरांनी तिला समजावलं, आईला अंगावर पाजू दे, बाळाला उद्या दाखवायला आण. सासू बराच वेळ नुसती "हां, हां" करत होती. शेवटी फोन भाईंना देऊन ती आत गेली आणि मुलाला म्हणाली, "गाडी काढ. पोराक हाड."

त्या दिवशी मला कळलं की फोनवर सांगितलं असतं तर बाळ आणखी आठवडाभर तारकर्लीत राहिलं असतं. खोपीतलं कुणाला दिसलं नसतं.

सून डबी घेऊन खाडीच्या कडेला गेली. भाईंनी लांबूनच तिला हात कमरेवर कसे ठेवायचे ते दाखवलं. दुसऱ्या डबीत सकाळचा नमुना आणायला सांगून आम्ही परतीच्या गाडीसाठी रस्त्यावर उभे होतो, तेव्हा मोटरसायकल आली. मागे आत्या, मांडीवर बाळ. अंगणात ती उभी होती, तोंडाला ओढणी बांधलेली. बाळ आधी त्या ओढणीला बघून रडलं. मग तिने हाक मारली आणि ते तिच्या अंगावर असं कोसळलं की आत्येचा तोल गेला. भाईंनी तोंड फिरवलं आणि गाडी कुठे दिसते का ते बघू लागले. गाडीला अजून अर्धा तास होता.

दोन्ही नमुन्यांत काही दिसलं नाही. एक नमुना ओरोसला जिल्हा रुग्णालयातल्या मशीनवर पाठवला, तिथेही नाही. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरांनी वरच्यांशी बोलून औषधं थांबवली. खोकला चुलीच्या धुराचा निघाला, गॅसवर रांधू लागल्यावर गेला. भाईंनी तिला सांगितलं, "माका दिसलो नाय. मशीनाक पण दिसलो नाय." ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आता तरी नाय म्हणा."

"नाय म्हणतंय," भाई म्हणाले. माझ्या आठवणीत एवढं एकदाच.

मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती. पण त्या दिवशी रजिस्टरात भाईंनी लाल शाईने काय घडलं ते सगळं लिहिलं, खाली माझी सही घेतली. त्याखाली स्वतः लिहिलं, 'मी कामाचा बोजा असताना एकटीवर सोडून काजूला गेलो.' आणि सही केली. मी म्हटलं, "भाई, हे कशाला?" तर म्हणाले, "तुझी तू लिवलंस. ही माझी आसा. दोन येगळे आसत."

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं आमच्याकडे नवं मशीन आलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूचा अंश ओळखणारं, औषधाला दाद देणार की नाही तेही सांगणारं. आम्हाला वाटलं, भाई आता रुसणार. ते नारळ घेऊन आले. मशीनला हार घातला, तो शिकवायला आलेल्या माणसाने काढायला लावला. पहिले काही महिने एखाद्या काचेत त्यांना काही दिसलं नाही आणि मशीनने दाखवलं, की ते खूश व्हायचे. "बघ, माझ्या डोळ्यांतसून सुटलो तो हेच्या हातात गावलो!" मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जंतूंच्या बाजूने बोलत होते.

निवृत्त होऊन ते काजूत गेले. मी आता त्यांच्या टेबलावर बसते. मधे वर्षभर गाठ नव्हती, आणि मग एके सकाळी तपासणीच्या रांगेत भाई. मळका सदरा, खांद्यावर टॉवेल, बाकावर वाकून बसलेले, आणि खोकत होते. तो तळातला, गुडघ्यातून येणारा खोकला. शेजारी एक पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, त्यांची पिशवी धरून.

मी दोघांना फणसाखाली घेऊन गेले. भाई तिथे सरळ उभे राहिले. "माका काय झाला नाय. पेशंट ही. माझी शेजारीण. हिची डबी घी."

ती बाई विधवा, एकुलत्या लेकीचं लग्न ठरलेलं. दोन महिने खोकत होती, वजन उतरलं होतं, पण तपासणीला येईना. गावात कळलं तर लग्न मोडेल ही भीती. भाईंनी चार दिवस घरी विनवलं. पाचव्या दिवशी ते तिठ्यावर चहाच्या हॉटेलात गेले आणि सगळ्यांसमोर खोकले. कुणी म्हटलं, तपासून घेवा. भाई म्हणाले, "जावक होया. पण बायलेचे ढोपर दुखतत, सोबतीक कोण येतला?" आणि शेजारणीला सोबत घेऊन गाडीत बसले.

मी म्हटलं, "भाई, तुम्ही? खोटं?"

"मी खोटा खंय बोललंय? मी फक्त खोकलंय."

तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. भाईंनी तिला सांगायचं काम माझ्यावर सोडलं आणि बाहेर जाऊन बसले. लेकीचीही तपासणी झाली, ती ठीक होती. सुरुवातीचे दिवस ही बाई लग्नाची घरातली कामं असल्याचं सांगून कुणात फार मिसळली नाही. औषधं सहा महिन्यांची. दर महिन्याला भाई 'आपली' औषधं न्यायला यायचे, सोबत शेजारीण.

गावाने अर्थातच भाईंना क्षय झाला असं ठरवलं. हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी खिळ्याला वेगळा कप टांगला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सगळं माहीत असून ओसरीवर मोठ्याने म्हणायची, "तुमचा ताट येगळा ठेवलंहा हां!" भजनाला लोक त्यांच्यापासून हातभर लांब बसू लागले. मी संतापले. म्हटलं, "कपातून पसरत नाही हे तुम्हीच सगळ्यांना इतकी वर्षं सांगितलंत ना?"

"सांगतंय तर अजून. पण पेशंटाचा कोण आयकता?" मग हसून म्हणाले, "पण कप बरो आसा गो. माझो एकट्याचो. आदी आठ जणांत एक कप, धुवल्यानी तर धुवल्यानी."

लग्न झालं. भाईंनी मांडवात लांब खुर्ची टाकून घेतली आणि पोटभर जेवले. सहा महिने संपले, शेजारणीचे नमुने स्वच्छ निघाले, तिचं वजन भरलं. आणि गावाने ठरवलं की भाई एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठले, तर देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. मलाही बोलावणं आलं. मी गेले.

हे सगळं मी त्या शेजारणीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिव. नाव तेवढा घालू नको."

सकाळची वेळ होती. पन्नासेक माणसं, बायका खांबापाशी. भाई धुतलेल्या सदऱ्यात हात जोडून पुढे उभे, चेहरा गंभीर. मानकऱ्याने नारळ ठेवला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरार जा दुखणा इल्ला ता तू परतवून लावलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या छातीत आता बळ ऱ्हवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या घरादाराक, लेकी-जावयांक सुखात ठेव म्हाराजा!"

भाईंना लेक नाही, दोन मुलगेच. मानकरी ओघात म्हणून गेला होता. लोकांचा "व्हय म्हाराजा" यायच्या आधीच खांबामागून एक आवाज आला, खणखणीत, छातीभर श्वास घेतलेला. "व्हय म्हाराजा!" मग सगळे म्हणाले. आणि सगळे थांबल्यावर तो आवाज पुन्हा एकदा एकटाच आला.

मानकऱ्याने नारळ फोडला आणि वळून बघितलं. "तुका काय झाला गो एवढा?"

तिने पदर नीट केला आणि प्रसादाच्या नारळाच्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

"शेजारी आसत ना माझे," ती म्हणाली.